पिचरच्या पायाकडे कोण बघणार? मुंबईतील सॉफ्टबॉल आयोजक आणि पंचांना खुले पत्र

प्रति,
मुंबई शहर आणि उपनगरात मुलींच्या सॉफ्टबॉल स्पर्धा भरवणारे आयोजक, त्यांच्या तांत्रिक समित्या आणि सर्व पंच यांस

सप्रेम नमस्कार.

यंदा १७ वर्षांखालील मुलींच्या एका स्पर्धेआधी झालेल्या मॅनेजर मीटिंगमध्ये आम्हाला तोंडी सांगण्यात आले की, शालेय वयोगटात ‘इल्लिगल पिच’ दिला जाणार नाही, म्हणजे पिचरने (चेंडू टाकणाऱ्या मुलीने) नियम मोडून टाकलेला चेंडू पंच अवैध ठरवणार नाहीत. फारच उघड काही दिसले तर पंच पिचरला समज देतील, आणि पिचिंगबद्दल कोणतीही हरकत घेता येणार नाही. कारणे तीन सांगितली : मुली अजून शिकत आहेत, मैदान संध्याकाळी रिकामे करून द्यायचे आहे, आणि पिचरच्या पायावरून दर इनिंगला वाद नकोत. कागदावर काहीही दिले नाही. लगेच ड्रॉ काढले आणि मीटिंग संपली.

या निर्णयाला मी तिथेच विरोध केला. पण तो एका खोलीत बोलून विरून गेला आणि स्पर्धा त्याच पद्धतीने पार पडली. आता बाकीच्या स्पर्धांमध्येही हीच पद्धत रुळते आहे असे दिसते. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, म्हणजे मुलींचे पालक, शाळांचे क्रीडाशिक्षक आणि खेळणाऱ्या मुलीही ते वाचतील.

मी मुलींना सॉफ्टबॉल शिकवते. स्वतः कॅचर म्हणून, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारी म्हणून, खेळले आहे, त्यामुळे पिचरचे पाय समोरून बघण्यातच माझे खेळाडूपण गेले. माझ्याकडे येणाऱ्या मुली कुर्ल्याच्या, धारावीच्या, लालबाग-परळच्या. बॅटची पिशवी सांभाळत लोकलने येतात, क्रिकेटच्या सरावातून उरलेल्या कोपऱ्यात खेळतात. सॉफ्टबॉलची वेगळी जागा या शहरात जवळपास नाहीच, याची आम्हाला सवय आहे. त्याबद्दल हे पत्र नाही. आहे त्या जागेत नियमाने खेळू द्या, एवढेच मागते आहे.

पिचरवर एवढी बंधने का असतात, हे आधी सांगायला हवे, कारण मीटिंगमधल्या बोलण्यावरून ती बंधने म्हणजे कागदी बारकावे आहेत असा समज झालेला दिसला. मोठ्या मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचिंग प्लेटपासून (पिचर जिथून चेंडू टाकते ती जमिनीतली पट्टी) होम प्लेटपर्यंत (जिथे बॅटर उभी असते) अंतर ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर. बेसबॉलमध्ये हेच अंतर ६० फूट ६ इंच आहे. एवढ्या जवळून, खांद्यातून पूर्ण फिरवलेल्या हाताने, चेंडू येतो. म्हणून नियम सांगतो की, सुरुवातीला पिचरचा पाय प्लेटला लागलेला हवा, हात एकत्र आणून क्षणभर पूर्ण थांबायला हवे, विंडमिल, म्हणजे हाताचा पूर्ण गोल फेरा, एकाच ओघात हवी, चेंडू कमरेखालून हात मांडीजवळून जाताना सुटायला हवा, पुढचे पाऊल २४ इंच रुंदीच्या प्लेटच्या समोरच पडायला हवे, आणि ढकल मिळवायची ती प्लेटवरूनच. हे सगळे बॅटरला तिचा हक्काचा वेळ मिळावा म्हणून आहे.

तो वेळ किती, हे साध्या गणिताने कळते. ताशी ८० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला साधारण २२ मीटर जातो. पिचरचे पाऊल पुढे पडून चेंडू हातातून सुटतो तेव्हा होम प्लेट ११ मीटरच्या आसपास उरलेली असते. म्हणजे बॅटरकडे अर्धा सेकंद. पिचरने मध्येच पाय टेकवून मीटरभर पुढून नव्याने ढकल घेतली, तर त्यातले ०.०४५ सेकंद कमी झाले, आणि नव्या ढकलीमुळे वेग वाढला तो वेगळाच. चेंडू खाली बसणार, वर उठणार की हळू येणार, हे ओळखून बॅट फिरवायची ती याच अर्ध्या सेकंदात. त्यातला जवळजवळ दहावा हिस्सा समोरच्या पिचरला बहाल करण्याचा अधिकार कोणत्याही तांत्रिक समितीला नाही.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे दोन निराळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जातात. एक, उडी : पिचर प्लेटवरून जोरात ढकलते, दोन्ही पाय क्षणभर हवेत जातात, आणि ती पुढच्या पायावर उतरून चेंडू सोडते. दुसरी, क्रो हॉप : प्लेटवरून सुटलेला मागचा पाय पुढे जमिनीवर पुन्हा रोवला जातो आणि तिथून दुसरी ढकल घेऊन चेंडू टाकला जातो. उडीत ढकल एकच असते आणि ती प्लेटवरून मिळालेली असते. क्रो हॉपमध्ये खरी ढकल प्लेटच्या पुढून येते. लांब उडीत फळीच्या पुढे पाय टाकून उडी मारणाऱ्याची उडी आपण मोजत नाही, तसेच हे आहे.

महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये मागचा पाय जमिनीवरून घासत यायला हवा, असा आग्रह वर्षानुवर्षे होता. पुरुषांच्या खेळात मात्र उडी आधीपासून मान्य होती. अमेरिकेतल्या शालेय स्पर्धांसाठी २०२४ च्या मोसमापासून मुलींनाही दोन्ही पाय हवेत जाण्याची मुभा देण्यात आली. अट एवढीच की मागचा पाय पुन्हा रोवून दुसरी ढकल घ्यायची नाही आणि तो प्लेटच्या रुंदीबाहेर जायचा नाही. मला हा बदल पटतो. आपली मैदाने ज्यांनी पाहिली आहेत त्यांनाही पटेल. पावसाळा संपल्यावर कडक झालेल्या, खड्ड्याखड्ड्यांच्या मातीत पाय घासत आणायचा म्हणजे अंगठा खड्ड्यात अडकणार आणि घोटा मुरगळणार. कॅनव्हासचे बूट एका मोसमात पुढून फाटतात. आमच्या पिचर दादर स्टेशनबाहेरच्या चांभाराकडून अंगठ्यावर चामड्याचा तुकडा शिवून घेतात आणि तोही झिजला की पुन्हा शिवतात. बुटांचा दुसरा जोड सगळ्यांच्या घरी परवडत नाही. एवढे करून ज्या मुली पाय घासत आणतात, त्यांच्यासमोर दुसऱ्या संघाची पिचर मीटरभर पुढे पाय रोवते आणि पंच ‘प्ले’ म्हणतात, तेव्हा त्या माझ्याकडे बघतात. मी त्यांना काय उत्तर देऊ, हे आपणच सांगा.

उलट प्रकारही मी पाहिला आहे. जिचा मागचा पाय जमिनीपासून बोटभर उचलला गेला होता, जिने दुसरी ढकल घेतलीच नव्हती, तिला एका सामन्यात इल्लिगल पिच दिला गेला, आणि त्याच मैदानावर पुढच्या सामन्यात उघड क्रो हॉप टाकणारी पिचर सातही इनिंग टाकून गेली. पहिले पंच जुन्या आंतरराष्ट्रीय सॉफ्टबॉल महासंघाच्या पुस्तिकेवर बोट ठेवत होते. दुसरे म्हणाले, हल्ली सगळीकडे चालते. तो जुना महासंघ २०१३ साली बेसबॉलच्या संघटनेत विलीन झाला आणि आज दोन्ही खेळ जागतिक बेसबॉल सॉफ्टबॉल महासंघ पाहतो. त्याचे नियमपुस्तक संकेतस्थळावर आहे. मग आपल्या पंचांच्या खिशात वेगवेगळ्या वर्षांचे नियम कसे असतात?

फरक ओळखता येत नाही, ही सबब मला मान्य नाही. माती खोटे बोलत नाही. पाय घासत आला असेल तर प्लेटपासून पुढे सलग रेघ उमटते. उडी असेल तर रेघ तुटते आणि पुढे पाय हलका टेकल्याची खूण दिसते. क्रो हॉप असेल तर तुटलेल्या रेघेच्या पुढे, बुटाने माती खणल्यासारखा, खोल ठसा असतो. चेंडू टाकून झाल्यावर दोन पावले चालत जाऊन बघितले तरी कळते. हाताकडे बघूनही कळते : मागचा पाय पुढे टेकतो त्या क्षणी चेंडू अजून डोक्याच्या वर असेल, तर पुढची सगळी ताकद त्या नव्या जागेवरूनच येणार आहे. हे बघायला कॅमेरा लागत नाही, बाजूला उभा असलेला एक पंच लागतो. होम प्लेटमागच्या पंचाला पिचर अगदी समोरून दिसते, त्यामुळे तिचा पाय किती पुढे पडला हे त्याला नीट कळत नाही. शिवाय त्याची नजर चेंडूवर असते. म्हणूनच बेसवरच्या पंचाने पाय बघायचे असतात. पण आपल्या कितीतरी सामन्यांना पंच एकच असतो. पंचांना मी दोष देत नाही. कडक उन्हात, तुटपुंज्या मानधनावर, एकामागून एक सामने ते एकटे काढतात. त्यांना एकटे उभे करणाऱ्या आयोजकांना मी विचारते आहे.

आणि प्लेट. हे लिहितानाही संकोच वाटतो, पण ज्या खेळाचा सगळा नियम पिचिंग प्लेटला लागलेल्या पायापासून सुरू होतो, त्या खेळाच्या स्पर्धेत प्लेटच नसते. फक्कीने एक रेघ मारलेली असते. दुसऱ्या इनिंगपर्यंत ती पुसली जाते, तिच्या जागी एक खड्डा पडतो, आणि दोन्ही संघांच्या पिचर त्या खड्ड्यातून सुरुवात करतात. खड्डा रोज पुढे सरकतो. अंतर टेपने मोजताना मी फार कमी वेळा पाहिले आहे. जिथे सुरुवातीची जागाच निश्चित नाही, तिथे पाय पुन्हा रोवला की नाही, हे पंच कशाच्या आधारावर ठरवणार?

‘मुली शिकत आहेत’ या कारणाबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण ते प्रेमापोटी दिले जाते आणि सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होते.

आमच्या विरुद्ध खेळणाऱ्या एका शाळेत एक पिचर होती. उंच, मजबूत, मेहनती. तिचा क्रो हॉप १४ वर्षांखालील गटात होता तेव्हापासून सगळ्यांना माहीत होता. तिच्या सरांनाही माहीत होता. कोणीच कधी इल्लिगल पिच दिला नाही, मग सरांनी तरी तो का मोडावा? सामने जिंकले जात होते. तिचे शरीर त्या दुसऱ्या ढकलीवरच वेग काढायला शिकले. मग ती निवड होऊन वरच्या पातळीवर गेली. तिथे बेसवर पंच उभे होते आणि त्यांनी पहिल्याच बॅटरला डावा हात बाजूला सरळ करून मूठ दाखवली, म्हणजे इल्लिगल पिचची खूण केली. नियमाप्रमाणे प्रत्येक वेळी बॅटरच्या खात्यात एक ‘बॉल’, म्हणजे पिचरचा वाया गेलेला चेंडू. चार झाले की बॅटर पहिल्या बेसवर चालत गेली. तिने पाय आखडून टाकायचा प्रयत्न केला तर चेंडूचा वेगही गेला आणि दिशाही. पुढच्या बॅटरलाही तेच. तिला सर्कलमधून, म्हणजे पिचरच्या वर्तुळातून, बाहेर काढले. त्या दिवशी ती डगआउटमध्ये बसून आपल्या बुटांकडे बघत होती आणि तिच्याशी काय बोलावे हे कोणाला सुचत नव्हते. नंतर ती परत पिचिंग करताना मला दिसली नाही.

तिला कोणी फसवले? त्या दिवशीच्या पंचांनी तर नाहीच. लहान वयात जिथे एका मोसमात हे वळण मोडता आले असते, तिथे आपण सगळ्यांनी डोळे मिटले. पिचरची हालचाल हजारो वेळा टाकून अंगात मुरते. बाराव्या वर्षी दिलेला इल्लिगल पिच म्हणजे तिला वेळेवर मिळालेली माहिती असते. सतराव्या वर्षी, भरल्या मैदानात, पहिल्यांदाच मिळालेला इल्लिगल पिच तिचा खेळ मोडून टाकतो. शिकणाऱ्या मुलींसाठी नियम बाजूला ठेवता येतो, असे आपण म्हणता. मी म्हणते, शिकणाऱ्या मुलींसाठीच तो सर्वांत काटेकोरपणे आणि सर्वांत मायेने लावला पाहिजे.

यात नुसती हौस पणाला लागलेली नाही. राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या मुलींना बोर्डाच्या परीक्षेत क्रीडागुण मिळतात. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. माझ्याकडच्या मुलींच्या आईवडिलांना हे पाठ असते, आणि त्यात गैर काही नाही. एका उपांत्य सामन्याचा निकाल कोणाच्या तरी घरातला पुढचा मार्ग ठरवू शकतो. तो निकाल लागताना नियम लावायचा की नाही, हे तोंडी ठरवलेले आम्ही कसे स्वीकारायचे?

हरकतीबद्दलही लिहिते. पंचाने काय पाहिले यावर हरकत घेता येत नाही, हे मला माहीत आहे, आणि ते योग्यच आहे. पाय रोवला गेला की नाही, हा पंचाच्या नजरेचा निर्णय. पण नियम चुकीचा लावला गेला असेल, तर पुढचा चेंडू टाकण्याआधी प्रोटेस्ट नोंदवण्याची सोय खेळाच्या नियमांतच आहे. ‘पाय रोवला खरा, पण या वयोगटात आम्ही देत नाही’ असे पंच म्हणतात, तेव्हा तो नजरेचा प्रश्न उरत नाही. ती सोय काढून घेण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळाला?

मुली मोबाइलवर जगभरातले पिचर बघतात. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ चेंडू टाकणारी जपानची युकिको उएनो त्यांना माहीत आहे. १३ वर्षांनी टोकियोत जपानने अमेरिकेला २-० असे हरवले, तेव्हा ३९ वर्षांची उएनो पुन्हा सर्कलमध्ये होती, हेही माहीत आहे. पुरुषांच्या सामन्यांचे व्हिडिओही त्या बघतात आणि दोन्हींतले उचलून करून बघतात. शिकण्याची एवढी ओढ असलेल्या मुलींना काय चालते आणि काय चालत नाही, हे सांगणारे मराठीतले एक पानही आपण आजवर काढलेले नाही. शाळेत कबड्डी, खो-खो आणि सॉफ्टबॉल अशी सगळी जबाबदारी एकट्यावर असलेल्या पीटीच्या शिक्षकांनी इंग्रजी नियमपुस्तक वाचून मुलींना शिकवावे, अशी आपली अपेक्षा आहे का? सॉफ्टबॉल २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये परत येणार हा निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये याच शहरात, वांद्रे-कुर्ला संकुलात भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात झाला. आमच्या मुलींनी ती बातमी एकमेकींना पाठवली होती.

माझ्या मागण्या अशा.

पुढच्या मोसमाच्या प्रवेश अर्जासोबत एक लेखी पत्रक द्या : कोणते नियमपुस्तक, कोणत्या वर्षाची आवृत्ती, आणि शालेय गटासाठी त्यात काही बदल असतील तर ते कोणते. उडी चालणार की नाही, हे त्यात स्पष्ट लिहा. चालू द्यावी असे माझे मत आहे. आपण नाही म्हणालात तर माझ्या पिचर पाय घासत आणतील. पण लेखी द्या, आणि सगळ्यांना एकच द्या. क्रो हॉप मात्र कोणत्याही गटात चालणार नाही, हेही त्याच पत्रकात हवे. पत्रक मराठीत असावे आणि सोबत पायांच्या चार साध्या आकृत्या असाव्यात.

प्रत्येक मैदानावर २४ इंच रुंद आणि पुढून मागे ६ इंच अशी खरी, जमिनीत बसवलेली पिचिंग प्लेट ठेवा, त्या वयोगटाच्या अंतरावर टेपने मोजून. दर सामन्याआधी तिच्यापुढचा खड्डा माती टाकून चोपून घ्या. याला फार पैसे लागत नाहीत.

सामन्याला किमान दोन पंच द्या आणि बेसवरच्या पंचाकडे पिचरचे पाय बघण्याचे काम नेमून द्या. दिवसाचे सामने कमी करावे लागले तर कमी करा.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी अर्धा तास काढा. प्रत्येक संघाच्या पिचरने पंचांसमोर काही चेंडू टाकावेत आणि पंचांनी तिला व तिच्या प्रशिक्षकांना तिथेच सांगावे : हे चालेल, हे चालणार नाही. १४ वर्षांखालील मुलींना पहिल्या सामन्यात समज द्या, जवळ जाऊन, हळू आवाजात, काय चुकले ते दाखवून. दुसऱ्या सामन्यापासून नियम लावा. १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तो पहिल्या फेरीच्या पहिल्या चेंडूपासून लावा. साखळीत सोडायचे आणि अंतिम सामन्यात पकडायचे, असे करू नका.

नियम चुकीचा लावला गेल्यास प्रोटेस्ट नोंदवण्याची सोय परत द्या.

याचा त्रास माझ्या संघालाही होईल. माझ्याकडे आता दोन नव्या मुली पिचिंग शिकत आहेत आणि त्यातल्या एकीचा पाय अजून मधेच टेकतो. पुढच्या मोसमात तिला पंचांनी पकडावे, अशी माझी इच्छा आहे. तोपर्यंत ती सुधारली नसेल, तर मी तिला दुसऱ्या बेसवर खेळवीन.

या पत्राचे उत्तर पुढच्या मॅनेजर मीटिंगच्या आधी आणि लेखी मिळावे. पत्रकाचा मराठी मसुदा करायला मी तयार आहे. प्लेट बसवायला माणसे कमी पडत असतील तर सामन्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्या मुली आणि मी टेप, कुदळ आणि फक्की घेऊन मैदानावर येऊ. वेळ तेवढी कळवा.

आपली,
मुलींच्या सॉफ्टबॉल संघाची एक प्रशिक्षक
दादर, मुंबई